नदीच्या पात्रातील फुगा : बलून बंधाऱ्याची ओळख

फुगा म्हटला की जत्रेतील फुगेवाला आणि त्याच्याभोवती जमलेली मुले हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. शेतीच्या व्यवसायाशी या खेळण्याचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि फुग्याच्या अंगी एक मोठा उपयुक्त गुण आहे. हवा भरली की तो आकार धारण करतो व हवा सोडली की मुठीत मावतो. या एकाच गुणाच्या जोरावर माणसाने त्यास नाना कामांस जुंपले आहे. हवामान खात्याच्या वेधशाळा दिवसातून दोन वेळा फुगे आकाशात सोडून उंचावरील वारा, तापमान व आर्द्रता यांची मोजणी करतात. गोबर गॅस साठविण्यासाठी फुगणाऱ्या रबरी पिशव्या वापरल्या जातात. उत्तम गाईच्या गर्भाशयातून भ्रूण धुऊन काढताना पशुवैद्य नळीच्या टोकाशी असलेला इवलासा फुगा आत फुगवितात व त्यायोगे धुण्याचे द्रव बाहेर गळू देत नाहीत. परंतु या सर्वांहून विलक्षण वाटावा असा फुग्याचा उपयोग आहे तो नदी अडविण्याचा. यालाच रबरी बंधारा किंवा बोलीभाषेत बलून बंधारा असे म्हणतात.

खानदेशातील शेतकऱ्यांस हे नाव नवे नाही. गिरणा नदीवर चाळीसगाव तालुक्यातील मेहुणबाऱ्यापासून जळगाव तालुक्यातील कानळद्यापर्यंत असे सात बलून बंधारे बांधण्याची योजना आखण्यात आली, व गेली अनेक वर्षे गावोगावच्या चावडीवर तिची चर्चा चालत आलेली आहे. चर्चा पुष्कळ होते, परंतु हा बंधारा आहे तरी कसा, तो पाणी धरतो कसा, त्यापासून किती अपेक्षा करावी व कोणती धास्ती बाळगावी, याची नेमकी माहिती फारच थोड्यांस असते. कोणी त्यास धरणाच्या जागी मानतो, तर कोणी रबराची पिशवी ती काय नदी अडविणार, असे म्हणून हसण्यावारी नेतो. हे दोन्ही समज बरोबर नव्हेत.

गिरणेचा प्रश्न

गिरणा ही नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या रांगेत केमच्या डोंगराजवळ उगम पावते व कळवण, मालेगाव, नांदगाव या भागांतून खानदेशात उतरून अखेरीस तापीस मिळते. नांदगाव तालुक्यात पांझण येथे तिच्यावरील मोठे धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे १८,५०० दशलक्ष घनफूट आहे. मात्र पाणलोट क्षेत्रावर पाऊस बेभरवशाचा व वरच्या अंगास लहानमोठी धरणे अनेक, यामुळे हे धरण दरवर्षी भरत नाही. २००७ नंतर ते पूर्ण भरले ते थेट २०१९ मध्ये. धरणाखाली जामदा व दहिगाव येथे जुने बंधारे आहेत, त्यांवरून कालवे निघतात. परंतु त्यांखेरीज नदीचे लांबच लांब पात्र उघडेच आहे. तितूरसारख्या उपनद्यांचा पूर धरणाच्या खाली येऊन मिळतो. तो अडविण्यास कोणी नसल्याने एक-दोन दिवसांत तापीत निघून जातो. पाणी गेले की मागे वाळू उरते, व काठच्या विहिरींची पातळी माघापासूनच खाली सरकू लागते. भाद्रपद-आश्विनात कांदेबागेची केळी लावणाऱ्याने वैशाखातील पाण्याची बेगमी लावणीच्या वेळीच पाहिली पाहिजे, परंतु नदी त्याला ती हमी देत नाही.

मग पात्रात पक्का बंधारा का बांधू नये? असा प्रश्न कोणीही विचारील. याचे उत्तर पुरात आहे. दगडी वा काँक्रीटची तीन मीटर उंचीची भिंत पात्रात कायमची उभी केली, तर पुराचे पाणी तिच्यामागे चढून काठच्या शेतांत व गावठाणांत शिरते. शिवाय नदी आपल्याबरोबर जी वाळू व जो गाळ आणते तो भिंतीमागे बसतो व काही वर्षांत पाणी साठविण्याची जागाच भरून जाते. यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याने एक तोड काढली. त्यात पात्रात ठरावीक अंतरावर खांब उभारून त्यांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बरगे बसवितात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. कल्पना उत्तम आहे व कित्येक ठिकाणी तिने चांगले काम दिलेले आहे. अडचण आहे ती वेळेची. बरगे लवकर घालावेत तर परतीच्या पावसाचा पूर येऊन धोका होतो. उशिरा घालावेत तर अडविण्यास पाणीच उरत नाही. एकदा घातलेले बरगे ऐन पुरात रात्री काढणे हे माणसाच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे. त्यातून बरग्यांची गळती व चोरी हा तर जवळजवळ प्रत्येक तालुक्यातील तक्रारीचा विषय. उन्हाळ्यात मोजले असता निम्मे बरगे सापडू नयेत, असेही घडते.

जी भिंत हवी तेव्हा उभी राहील व नको तेव्हा भुईसपाट होईल, अशी भिंत येथे पाहिजे. फुगा नेमके हेच करतो.

फुगा नदी कशी धरतो

बलून बंधाऱ्याचा पाया काँक्रीटचाच असतो. पात्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, नदीच्या तळाशी समतल असा काँक्रीटचा ओटा बांधतात. वाळूच्या पात्रात पाणी ओट्याखालून झिरपून निसटू नये म्हणून खाली खोलवर पडदी उतरवावी लागते. या ओट्यावर एक वा दोन ओळींत पोलादी पट्ट्या व बोल्ट यांनी रबरी पिशवी आवळून बसवितात. ही पिशवी म्हणजे नायलॉनसारख्या बळकट धाग्याच्या कापडाचे थर व त्यांवर चढविलेले कृत्रिम रबर होय. तिची जाडी साधारणतः एक ते दोन सेंटीमीटर असते. काठावरील यंत्रघरातून ओट्यात पुरलेल्या नळाने तिच्यात हवा किंवा पाणी भरतात. पिशवी फुगते, लांबच लांब लोडासारखी पात्रात आडवी उभी राहते व तिच्यामागे पाणी तुंबते. हवा सोडली की ती ओट्यावर चादरीसारखी पसरते, व तिच्यावरून पूर, वाळू आणि गाळ बिनदिक्कत निघून जातो.

हवेने भरलेली हलकी पिशवी एवढ्या पाण्याचा रेटा सोसते कशी, ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. तीन मीटर खोल पाण्याचा दाब तळाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.३ किलोग्रॅम असतो, व पृष्ठभागाकडे येता येता तो शून्यावर येतो. पिशवीतील हवेचा दाबही साधारण तेवढाच ठेवावा लागतो. सायकलच्या चाकात जेवढा दाब असतो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हा दाब आहे! म्हणजे फुगा टणक नसतो, काहीसा मऊच असतो. पाण्याचा एकूण रेटा मात्र लहान नव्हे. तीन मीटर उंचीच्या बंधाऱ्यावर दर मीटर लांबीस तो सुमारे साडेचार टन भरतो. शंभर मीटर लांबीवर साडेचारशे टन. हा भार हवा सोसत नाही. हवा केवळ कापडाला ताणून धरते, कापड तो ताण बोल्टांकडे नेते आणि बोल्ट तो काँक्रीटच्या ओट्यात उतरवितात. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी : बलून बंधाऱ्याचे खरे बळ रबरात जेवढे आहे तेवढेच ओट्यात व बोल्टांत आहे. ज्या पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा होतो तेथे ओट्याच्या खालच्या अंगाची जमीन उघडी पडते, पाया पोखरला जातो, आणि मग कितीही उत्तम रबर आणले तरी त्याचा उपयोग होत नाही. बंधारा मागणाऱ्या गावाने वाळूचा प्रश्न आधी सोडविला पाहिजे, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

हवा भरावी की पाणी, याविषयी जाणकारांत दोन पक्ष आहेत. हवेचा फुगा लवकर फुगतो व लवकर बसतो, त्यास लहान नळ पुरतात आणि खर्च कमी येतो. परंतु हवा कमी होऊ लागली की तो सर्वत्र सारखा खाली बसत नाही. एखाद्या ठिकाणी घडी पडून खाच तयार होते व सारा प्रवाह त्या खाचेतून जोराने कोसळतो. त्या जागी खालचा तळ खणला जाण्याची भीती असते. पाण्याचा फुगा जड असल्याने समान रीतीने बसतो, पण तो भरण्यास व रिकामा करण्यास वेळ लागतो. शंभर मीटर लांबीच्या अशा फुग्यात साधारण हजार घनमीटर पाणी भरावे लागते, व नदी आटत आलेली असताना ते आणावयाचे कोठून, हाही प्रश्न असतोच. दोन्ही प्रकारांत पिशवीच्या माथ्याजवळ खालच्या अंगास रबराचा एक कंगोरा ठेवतात. माथ्यावरून सांडणारे पाणी त्यामुळे पिशवीपासून दूर फेकले जाते. अन्यथा ती थरथरू लागते व ओट्यावर घासून झिजते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची सोय म्हणजे आपोआप बसण्याची. नदीची पातळी ठरावीक खुणेच्या वर चढली की एका नळीतून पाणी यंत्रघरातील बादलीत पडू लागते, बादली जड होऊन खाली येते व तिच्याबरोबर हवेची झडप उघडते. वीज गेलेली असो वा चौकीदार झोपलेला असो, फुगा बसतो. रहाट व मोट जाणणाऱ्या शेतकऱ्यास ही युक्ती चटकन उमगेल, कारण तिच्यात पाण्याचे वजन याहून दुसरे काहीच नाही.

अन्यत्र काय घडले

रबरी बंधाऱ्याची कल्पना अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील नॉर्मन इंबर्टसन या अभियंत्याची. त्याने १९५० नंतरच्या दशकात तेथील नदीवर असा बंधारा प्रथम उभारला. पुढे जपान व चीन या देशांनी ती उचलून धरली. आपल्या शेजारच्या बांगला देशात कॉक्स बझार भागात १९९५ च्या सुमारास भातशेतीसाठी दोन रबरी बंधारे झाले व नंतर इतरत्रही झाले. पावसाळा सरल्यावर ते फुगवितात, बोरो हंगामातील भाताला पाणी देतात व पुढील पावसाळ्यापूर्वी खाली बसवितात. त्यांची देखभाल शेतकऱ्यांच्या पाणी सहकारी समित्यांकडे सोपविलेली आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

भारतात आंध्र प्रदेशातील जंझावती नदीवरचा रबरी बंधारा २००६ मध्ये सुरू झाला. त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. तेथील धरण पूर्ण उंचीने भरले असते तर ओरिसा राज्यातील जमीन पाण्याखाली गेली असती. त्यास त्या राज्याची हरकत होती व काम अडून राहिले होते. अखेर सुमारे साठ मीटर लांबीचा फुगा पात्रात बसवून, वरची जमीन न बुडविता, जेवढे पाणी मिळेल तेवढे शेतीस देण्याचा मार्ग काढण्यात आला. भुवनेश्वर येथील भारतीय जल व्यवस्थापन संस्थेने ओरिसातील खुर्दा जिल्ह्यात लहान नाल्यांवर देशी बनावटीचे रबरी बंधारे करून पाहिले. त्या कामी ठाण्याची रबर संशोधन संस्था व मुंबईची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था यांचे साहाय्य झाले. म्हणजे या फुग्याचे कापड व रबर यांच्या अभ्यासाचा काही भाग महाराष्ट्रातच झालेला आहे. अलीकडचे उदाहरण बिहारमधील गया येथील. फल्गू नदीचे पात्र वाळूचे, पावसाळ्याखेरीज वर पाणी दिसत नाही व पिंडदानास येणाऱ्या यात्रेकरूंची गैरसोय होते, म्हणून तेथे सप्टेंबर २०२२ मध्ये ४११ मीटर लांबीचा व तीन मीटर उंचीचा रबरी बंधारा सुरू करण्यात आला. वाळूखालून वाहून जाणारे पाणी धरण्यासाठी तेथे पोलादी पत्र्यांच्या पडद्या जमिनीत ठोकण्यात आल्या. गिरणेचे पात्रही वाळूचेच असल्याने खानदेशाच्या दृष्टीने हे उदाहरण सर्वांत जवळचे ठरते. त्याचा हेतू मात्र शेती हा नव्हे.

यशाच्या गोष्टी सांगताना फसलेली गोष्ट लपविणे योग्य नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेंपी नावाचे शहर आहे. तेथील सॉल्ट नदीत १९९९ मध्ये रबरी बंधारे घालून नगरवासीयांसाठी तलाव करण्यात आला. त्याच्या खालच्या अंगास चार फुगे होते, प्रत्येकाची उंची जवळपास पाच मीटर. तो प्रदेश वाळवंटी, ऊन रणरणते, व फुग्यांची बाहेरील बाजू बाराही महिने कोरडी. रबर जीर्ण झाल्याचे ध्यानात येऊन ते बदलण्याची तयारी चालू असतानाच २० जुलै २०१० च्या रात्री एक फुगा फाटला आणि काही तासांत बहुतेक तलाव रिकामा झाला. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. पुढे २०१६ मध्ये त्या फुग्यांच्या जागी पोलादी दरवाजे बसविण्यात आले. जळगाव जिल्ह्यात वैशाखाचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, हे जाणणाऱ्याने टेंपीची गोष्ट विसरून चालणार नाही. फुगा कधी उभा ठेवावयाचा व कधी बसवावयाचा, याचे उत्तर या गोष्टीत अंशतः सापडते. त्याचा विचार पुढे केला आहे.

पाणी किती मिळेल

बंधारा झाला की बारमाही बागायत होईल, अशी आशा पुष्कळांच्या मनात असते. तिला आकड्यांचा लगाम घातलेला बरा. समजा, पात्राची रुंदी २०० मीटर आहे, फुग्याची उंची ३ मीटर आहे व नदीच्या तळाचा उतार हजारास एक आहे. तर पाणी मागे ३,००० मीटर, म्हणजे तीन किलोमीटर पसरेल. फुग्याजवळ त्याची खोली तीन मीटर व टोकास शून्य. उंचीस लांबीने व रुंदीने गुणून त्याचे निम्मे करावे, म्हणजे साठा निघतो. येथे तो नऊ लक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे बत्तीस दशलक्ष घनफूट येतो. गिरणा धरणाच्या उपयुक्त साठ्याशी तुलना केली तर हा त्याचा पाचशेवा भागही नव्हे!

आता एका पाळीस आठ सेंटीमीटर पाणी धरले तर हेक्टरी ८०० घनमीटर लागते. बाष्पीभवन, पाझर व चाऱ्यांतील गळती यांत निम्मे पाणी गेले असे मानले, तर उरलेल्या पाण्यात सुमारे साडेपाचशे हेक्टर जमिनीस एक पाळी मिळेल. किंवा पावणेदोनशे हेक्टर हरभऱ्यास व दादरीस तीन पाळ्या. एवढाच हिशेब केला तर खर्चाच्या मानाने लाभ थोडा दिसतो. परंतु दोन गोष्टी या हिशेबात आलेल्या नाहीत. एक अशी की बंधारा एका वर्षात अनेकदा भरू शकतो : परतीच्या पावसात एकदा, आणि मग धरणातून पिण्यासाठी वा सिंचनासाठी नदीत आवर्तन सुटेल त्या प्रत्येक वेळी. दुसरी अधिक महत्त्वाची गोष्ट विहिरींची आहे. जो पाझर वरच्या हिशेबात तोट्याच्या बाजूस मांडला, तो वस्तुतः काठच्या जमिनीत शिरून विहिरींना मिळतो. नदीकाठच्या शेतकऱ्याने पंप नदीत टाकण्यापेक्षा आपल्या विहिरीकडे अधिक लक्ष ठेवावे, कारण त्याचा खरा हिस्सा तेथे जमा होत असतो.

तोट्याच्या बाजूचा एक आकडा मात्र खराच तोट्याचा आहे. वर घेतलेल्या उदाहरणात पाण्याचा पृष्ठभाग सहा लक्ष चौरस मीटर होतो. कडक उन्हाळ्यात दिवसास एक सेंटीमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तर रोज सहा हजार घनमीटर पाणी आकाशात जाते. साडेसात हेक्टरांची एक पाळी रोज! यास्तव उथळ बंधाऱ्यात पाणी वैशाखापर्यंत राखून ठेवणे हा शहाणपणा नव्हे. ते कार्तिक ते माघ या काळात रब्बीला वापरावे, जमिनीत मुरू द्यावे आणि उन्हाळ्यासाठी विहिरीवर व ठिबक सिंचनावर भिस्त ठेवावी. असे केल्यास फुगाही चैत्र-वैशाखाच्या उन्हात कोरडा ताणलेला राहत नाही. पाणी सरल्यावर तो बसवून त्यावर वाळू-मातीचा वा अन्य आडोसा करता आला तर रबराचे आयुष्य वाढते. योग्य निगा राखल्यास अशी पिशवी पंचवीस-तीस वर्षे टिकते असा अनुभव आहे. पण निगा हा शब्द येथे शोभेसाठी लिहिलेला नाही.

झडप कोणाच्या हाती

बलून बंधाऱ्याचे सर्व यंत्र एका झडपेत सामावलेले आहे, आणि भांडणाचे मूळही तेथेच आहे. वरच्या गावास वाटते फुगा उभा राहावा. खालच्या गावास वाटते तो बसवून पाणी पुढे सोडावे. वरचा बंधारा भरेपर्यंत खालच्या सहा बंधाऱ्यांनी वाट पाहावयाची, की प्रत्येकाने अर्धा-अर्धा भरून घ्यावयाचा? याचे उत्तर अभियंता देऊ शकत नाही. ते पाण्याची पहिली धार येण्यापूर्वी काठच्या गावांनी आपसांत ठरवून, लिहून ठेवावयाचे आहे.

या कामी खानदेशास परक्या देशाकडे पाहण्याचे कारण नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वीचे दगडी बंधारे आहेत व त्यांवर फड पद्धतीने शेती होत आलेली आहे. गावाची जमीन फडांत वाटून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे, पाण्याची पाळी पाटकऱ्याने द्यावयाची, चाऱ्यांची दुरुस्ती सर्वांनी अंगमेहनतीने वा वर्गणीने करावयाची, आणि तंटा पंचांनी मिटवावयाचा, अशी ही व्यवस्था. धरणे व विहिरींवरील पंप आल्यानंतर ती पुष्कळ ठिकाणी मोडकळीस आली. परंतु तिच्यातील पाटकऱ्याचे काम बलून बंधाऱ्यास जसेच्या तसे हवे आहे. यंत्रघरात बसणारा माणूस गावाचा असावा, त्याचा पगार पाणीपट्टीतून वेळेवर निघावा, व त्याला हवेचा दाब वाचून वहीत मांडता यावा. दाब रोज एकाच वेळी मांडला तर बारीक गळती आठवड्याभरात उघडकीस येते. मांडला नाही तर ती फुगा बसल्यावरच समजते.

फुगा बसविण्यापूर्वी खालच्या गावांस भोंग्याने इशारा देणे अत्यावश्यक आहे. तीन मीटर पाणी थोड्या वेळात सुटले तर पात्रात गुरे चारणारा, वाळू भरणारा किंवा टरबुजाची वाडी राखणारा माणूस त्यात सापडू शकतो. भोंगा वाजविल्यानंतर किती वेळाने झडप उघडावयाची, हे खालच्या गावाचे अंतर पाहून ठरवावे व त्यात सवड काढू नये. याचप्रमाणे फुग्याच्या आसपास मासेमारीचे गळ व जाळी टाकणे, काठावर गवत पेटविणे, फुग्यावरून जनावरे पार नेणे या गोष्टी गावाने एकमताने बंद केल्या पाहिजेत. पुरात वाहून येणारे बाभळीचे ओंडके फुग्यास भोके पाडतात. लहान भोक जागच्या जागी बुजविता येते. त्यासाठी लागणारे साहित्य यंत्रघरात असावे, व ते लावण्याची कृती निदान दोघांस येत असावी.

राहिली चिबडीची गोष्ट. नदीकाठची भारी काळी जमीन सहा महिने पाण्याच्या पातळीशी लागून राहिली तर तिचा निचरा मंदावतो व क्षार वर येऊन ती चोपण होऊ लागते. केळीच्या मुळांस पाणी धरून राहणे मुळीच मानवत नाही. फुगवट्याच्या पाण्यालगत ज्यांची शेते आहेत त्यांनी पहिल्या वर्षीच नव्या केळीची लागण करण्याची घाई करू नये. शेताच्या सखल बाजूस एक मीटर खोल चर खणून त्यात किती दिवस पाणी उभे राहते ते पाहावे, विहिरीची पातळी दर पंधरवड्यास खुणेच्या दोरीने मोजून लिहून ठेवावी, व दोन हंगामांची टिपणे आणि मातीचा नमुना घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात यावे. चर आठ-दहा दिवसांत कोरडा होत असेल तर लागण करण्यास हरकत नाही. पाणी तसेच उभे राहिले तर निचऱ्याचे चर काढल्याशिवाय त्या पट्ट्यात फळबाग घेऊ नये. तेथे रब्बीत गहू घ्यावा, अथवा पाणी मागे हटेल तसतशी गाळपेऱ्याची पिके घ्यावीत.